सामंतकाकांची आवाजांची वही

सामंतकाका माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, आणि त्यांचं पहिलंच वाक्य असं होतं, "तुम्ही ते शुद्धलेखनाचं काम करता ना? मग मला सांगा, करकर आणि कुरकुर यांत फरक काय?"

मी ठाण्याच्या एका छोट्या प्रकाशनासाठी शाळेची पुस्तकं तपासते. लोकांनी मला लग्नपत्रिकेतल्या वेलांट्या विचारल्या आहेत, दुकानाच्या पाट्या विचारल्या आहेत, एकाने तर राजीनामा तपासून घेतला होता. पण सकाळी पावणेआठला, एका हातात हेल्मेट आणि दुसऱ्या हातात डबा असताना असलं काही कोणी विचारलं नव्हतं. तरी धंद्याला जागून मी म्हटलं, "करकर नव्या चपलेची. कुरकुर जुन्या खाटेची."

"मग ही कुरकुर," काका एकदम खूश झाले. "वाचलो. करकरीला खर्च असतो, कुरकुरीला नुसतं वंगण." त्यांनी शर्टाच्या खिशातून एक छोटी वही काढली. "उकार पहिला की दुसरा?"

"दोन्ही पहिले."

त्यांनी मन लावून लिहिलं, वही खिशात टाकली आणि शेजारच्या, जॅकवर उचललेल्या लाल गाडीखाली पाठीवर सरपटत दिसेनासे झाले. नुसती चपला घातलेली दोन पावलं बाहेर उरली. त्या पावलांना "येते मी" असं म्हणून मी कामाला गेले.

डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडच्या आतल्या बाजूला आमची सोसायटी. तिच्या पार्किंगमध्ये माझी स्कूटर आणि काकांची गाडी सात वर्षं शेजारी शेजारी उभ्या होत्या. गाडी जर्मन. दोन दारं, दोन माणसं, इंजिन मागे आणि सामानाची जागा पुढे. उंची इतकी कमी की आमच्या वॉचमनला खुर्चीत बसल्या बसल्या तिच्या टपावर चहाचा कप ठेवता आला असता. त्याने तो एकदा ठेवलाही होता. दुसऱ्यांदा नाही ठेवला.

विनायक सामंत मूळ वेंगुर्ल्याचे. एमआयडीसीतल्या एका पंपांच्या कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी देखभाल विभागात काढली. पंप बिघडलाय का, हे ते ऐकून सांगत. हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, टोक पंपावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. कारखान्याच्या मालकांनी ही गाडी हौसेने आणली आणि चार वर्षांत हौस फिटल्यावर शेडमध्ये कापडाखाली झाकून ठेवली. काका रोज डबा खायला त्या शेडमध्ये जात. निवृत्त झाले तेव्हा मालकांनी विचारलं, सामंत, तुम्हाला काय देऊ? काकांनी गाडी मागितली. मालकांनी ती फुकट नाही, पण जवळजवळ लाजण्याइतकी स्वस्त दिली.

"विकत घेणं म्हणजे ॲडमिशन, शुभदा," काका मला सांगत. "फी पुढे असते."

ती फी ते कधी रुपयांत सांगायचे नाहीत. वेंगुर्ल्याच्या बागेत त्यांच्या वाटणीची हापूसची कलमं होती, त्यांच्या एका मोसमाच्या आंब्यांत हिशोब चाले. दोन्ही रेडिएटर म्हणजे चार कलमं. क्लच म्हणजे सात. मागचे दोन टायर म्हणजे पाच, आणि ते टायर झिजत नाहीत, नुसते म्हातारे होतात, म्हणून जास्त वाईट वाटायचं. एकदा मी मे महिन्यात विचारलं, "काका, यंदा आंबे कसे आहेत?" तर म्हणाले, "गोड होते. पुढच्या सस्पेन्शनमध्ये गेले."

जुन्या वेगवान गाडीला काय काय होतं, ते मला तेव्हा कळलं. आठ दिवस उभी राहिली की तिची बॅटरी उतरते. पुढच्या जाळीतून पालापाचोळा आत जाऊन कुजतो आणि मागचं इंजिन तापतं. तापून तापून पाण्याचे प्लॅस्टिकचे पाइप बिस्किटासारखे होतात. आपल्या इथल्या उंदरांना तिच्या वायरींचं आवरण इतकं आवडतं, की काका म्हणायचे, जर्मनीचा माल म्हटल्यावर मेल्यांच्या तोंडाला चव येते. गाडीला मात्र ते कधी मेली म्हणाले नाहीत. सकाळी कापड काढताना हळूच म्हणायचे, "उठ गो बाय माझे."

पुढचं झाकण उघडून "अरे, इंजिन गेलं कुठे?" असा विनोद सोसायटीतल्या प्रत्येकाने केला. काकांनी तो प्रत्येकाला एकदा माफ केला होता. दुसऱ्यांदा केला की ते खिशातली वही काढून त्या माणसाचं नाव लिहिल्यासारखं करत.

त्या वहीत गाडीचे आवाज होते. प्रत्येक आवाजाला एक पान, वर नाव, खाली कधी येतो, कुठून येतो, काय निघालं. टकटक, खुळखुळ, चुरचुर, फसफस, भुरभुर. किणकिण वेगळी, किणकिणाट वेगळा. काकांचं म्हणणं असं, की इंग्रजी पुस्तकात या सगळ्याला दोन-तीन शब्द आहेत आणि म्हणूनच त्या लोकांना एवढी यंत्रं लावून तपासावं लागतं. "आपल्याकडे शब्दातच रोग कळतो," ते म्हणत. हे ऐकून मला उगीचच माझ्या पेशाचा अभिमान वाटायचा.

त्या वहीचं पहिलं पान मात्र कोरं होतं. ते निरोगी गाडीच्या आवाजासाठी राखलेलं होतं. सगळं ठीक असताना, रस्ता मोकळा असताना ती जी वाजते, त्याला शब्द मिळत नव्हता. मी गर्जना सुचवली. "ती सभेत करतात." घोंघावणं सुचवलं. "ते माशीचं." हुंकार म्हटलं तर म्हणाले, "हे तुमच्या पुस्तकातलं झालं." शेवटी वैतागून एका रविवारी त्यांनी मला गाडीत घातलं आणि पडघ्याच्या पुढे हायवेवर नेलं. तिथे त्यांनी तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला. माझी पाठ सीटला चिकटली, मी मोठ्याने हसले आणि हसतच राहिले, पण शब्द काही सुचला नाही. पान कोरंच राहिलं.

हायवेपर्यंत पोचणं हे खरं काम होतं. आमच्या भागात रस्त्यापेक्षा स्पीडब्रेकर जास्त, आणि गाडीचं पोट जमिनीपासून वीतभर. काकांनी यावर घरातला उपाय काढला. जेवायला बसायचे दोन जुने सागवानी पाट पुढच्या डिकीत ठेवलेले असत. स्पीडब्रेकर आला की गाडी थांबायची, शेजारचं दार उघडून त्यांच्या पत्नी नलिनीकाकू पदर खोचून उतरायच्या, चाकांच्या पुढे दोन्ही पाट मांडायच्या आणि बाजूला होऊन हाताने "या" करायच्या. गाडी पाटांवरून अलगद चढून उतरायची. काकू पाट उचलून, झटकून पुन्हा आत बसायच्या. मागे रिक्षांची रांग लागलेली असे. एकदा एका रिक्षावाल्याने मान बाहेर काढून ओरडून विचारलं, "काकू, पाट मांडला, रांगोळी राहिली ना!" काकू वळून म्हणाल्या, "तू काढ की. मला उशीर होतोय." रिक्षावाला हसला आणि त्याने मागच्या दोघांना हॉर्न वाजवू नका म्हणून दम दिला.

एवढं करूनही नलिनीकाकूंना गाडी आवडत होती असं समजू नये. त्या तिला "ती वस्तू" म्हणत. जवळच्या एका शाळेत त्यांनी तीस वर्षं चौथीला शिकवलं होतं आणि निवृत्त झाल्यावर त्यांची एकच इच्छा होती, स्वयंपाकघराचा तडकलेला ओटा बदलायचा. ओट्याची फरशी मधोमध दुभंगलेली होती आणि त्या भेगेत पीठ जाऊन बसायचं. दर वर्षी आंब्यांचे पैसे आले की ओटा करायचा ठरे, आणि दर वर्षी "त्या वस्तूला" काहीतरी होई. "पुढच्या मोसमात नक्की," काका म्हणायचे. काकू लाटणं जरा जोरात आपटायच्या. त्यांचं स्वयंपाकघर पहिल्या मजल्यावर, बरोबर पार्किंगच्या डोक्यावर होतं, त्यामुळे तो आवाज आम्हाला खाली ऐकू येई. काका खालूनच म्हणायचे, "ही धपधप. ही सगळ्यात महाग."

काकूंचा कान हा आमच्या सोसायटीत दबक्या आवाजात बोलण्याचा विषय होता. फळ्यावर लिहिताना पाठमोऱ्या असूनही त्या सांगत, "तिसरा बाक, भिंतीकडचा, शेंगदाणे खाली ठेव." त्यांचे जुने विद्यार्थी आता चाळिशीचे झालेत, पण जिन्यात काकू दिसल्या की अजून तोंडातलं गिळून टाकतात.

जगन पाटील हा त्यातलाच एक. मानपाड्याच्या जुन्या आगरी घरातला, स्वतःचं गॅरेज असलेला, हात सोन्याचा. अशा गाडीची सर्व्हिस कंपनीकडे करायची तर अख्खी बाग विकावी लागली असती, म्हणून काकांनी जगनला हाताशी धरून तयार केलं. दोघं मिळून जर्मन आकृत्या बघायचे आणि मालवणी-आगरीत भांडायचे.

एकदा काका वेंगुर्ल्याला गेले होते आणि गाडी जगनकडे होती. जगनचा फोन आला, "काका, बगितली गारी. चाकाच्या बाजूला खरखर येते. मोठी खरखर हाय."

काकांनी तिथे, आंब्याच्या झाडाखाली बसून वही उघडली. खरखर, पान चौदा. चाकाचं बेरिंग. काकांचा एक भाचा जर्मनीत होता. त्याला फोन गेला, बेरिंग निघालं, कस्टममध्ये अडकलं, सुटलं, आलं. दीड महिना गेला, तीन कलमं गेली. जगनने बेरिंग बसवलं. काका गाडीत बसले, सोसायटीला फेरी मारली आणि गाडी खणखणीत खडखड वाजत परत आली.

"जगन, ही खडखड आहे!"

"मंग मी काय बोललो? खरखरच बोललो ना!"

"खरखर नव्हे रे, खडखड!"

"तीच ती. डब्यान खरे टाकून हालवले का येते ना, ती खरखर."

काका कपाळाला हात लावून उभे होते. दोघंही खरं बोलत होते आणि दोघंही चिडले होते. मी स्कूटर काढत होते. न राहवून मी म्हटलं, "काका, गाडीला गारी म्हणणारा माणूस खडखडीला काय म्हणणार?"

काका आणि जगन एकमेकांकडे बघायला लागले. मग वरच्या खिडकीतून काकूंचं हसू ऐकू आलं. त्या इतक्या हसत होत्या की त्यांना बोलता येईना. "अहो, तो माझ्या वर्गातही 'घोरा' लिहायचा! मी वर्षभर 'ड' गिरवून घेतला होता!" जगन लाजला, मग तोही हसायला लागला. खडखडीचं कारण एक सैल झालेला पत्रा निघालं. एक नट पिळला आणि ती थांबली.

"मग बेरिंग कशाला बसवलंस?" काकांनी विचारलं.

"तुमी इंजिनेर हाय. तुमी आनली, मी लावली. मी काय बोलनार?"

त्या दिवसापासून वहीत "जगन" नावाचं नवं पान आलं. जगनचा शब्द डावीकडे, काकांचा उजवीकडे. पहिली ओळ: खरखर, खडखड. दुसरी: खलखल, खळखळ. आणि सगळ्यात खाली काकांनी लिहिलं होतं, "आधी पूर्ण ऐकून घ्यावे."

मग एका रविवारी सकाळी मला कळलं की काकांना ऐकू येईनासं झालंय.

गाडी चालू होती, मागचं झाकण उघडं होतं. मी कपडे वाळत घालून गच्चीवरून उतरत होते. आतून बारीक आवाज येत होता, घुंगरू हलल्यासारखा. मी सहज म्हटलं, "काका, आज किणकिण आहे वाटतं." काकांनी माझ्याकडे पाहिलं. स्क्रू ड्रायव्हर टेकवला, मूठ उजव्या कानाला लावली, मग डाव्या. मग परत उजव्या.

"नक्की किणकिण?"

"नक्की."

त्यांनी वहीत तारीख टाकून किणकिण लिहिली आणि तिच्यासमोर लिहिलं, "ऐकली: शुभदा." ते मी वाचलं. मग मी उगीच उकाराच्या प्रश्नाची वाट बघत उभी राहिले. किणकिणीत उकार नसतो.

ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की बारीक आवाज आधी जातात, हे असंच असतं. कानाचं यंत्र मिळालं. काका म्हणाले, "यंत्र चांगलं आहे गो, पण ते निवडत नाही. अख्खी डोंबिवली एकदम कानात शिरते." घरात, दुकानात ते यंत्र लावायचे. गाडीशी मात्र त्याचा काही उपयोग नव्हता.

आणि इथे नुसती हौसेची गोष्ट नव्हती. त्या इंजिनाच्या पोटात एक बेरिंग असतं. ते जायच्या आधी इशारा देतं, सकाळी गार इंजिन चालू केल्यावर, दोन-चार सेकंद. वहीत कोऱ्या पानाच्या लगेच पुढच्या पानावर, लाल शाईत, त्याचं नाव होतं: किरकिर. सात वर्षांत काकांनी ती एकदाही ऐकली नव्हती, पण दर रविवारी ते तिच्यासाठीच कान देत. ती ऐकली आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, तर बेरिंग बदलून भागतं. नाही ऐकली, तर बेरिंग फुटून सगळं इंजिन खातं, आणि ते इंजिन गाडीपेक्षा महाग. सगळी कलमं मुळासकट विकली तरी पुरली नसती.

"बहिऱ्याने ही गाडी ठेवू नये," काका मला म्हणाले. "ज्याला ऐकू येतं त्याच्याकडे ती जगेल." आवाज नेहमीसारखाच होता. गाडी पुसायचं पिवळं फडकं मात्र ते घडी करत होते, उलगडत होते आणि परत घडी करत होते.

काकूंनी ओट्याच्या फरशीचे नमुने आणले. हिरवा संगमरवरी, काळा, आणि एक ठिपक्यांचा. तिन्ही खिडकीत मांडून ठेवले होते.

गिऱ्हाईक घोडबंदर रोडचं आलं. नीलेश नावाचा तिशीतला सभ्य मुलगा, आल्या आल्या काकांच्या पाया पडला. त्याने अट एकच घातली होती, की गाडी सकाळी गार असताना चालू करून दाखवायची. रविवारी तो आला. काकांनी कापड काढलं. "उठ गो बाय" म्हणाले की नाही, मला ऐकू आलं नाही. जगन हाताची घडी घालून खांबाला टेकला होता. काकू ट्रेमध्ये पोह्यांच्या बशा घेऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर आल्या होत्या.

काकांनी किल्ली फिरवली. गाडी नेहमीसारखी दणदणीत उठली. नीलेशचा चेहरा उजळला. "काका, एकदम मस्त मेन्टेन केलीय. डील डन समजा." मला काही वेगळं ऐकू आलं नाही, जगनलाही नाही. काका तर मागे येऊन, एका हाताने स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाशी धरून नुसते इंजिनाकडे बघत होते.

"बंद करा!"

तीस वर्षं साठ-साठ मुलांचा वर्ग एका शब्दात गप्प करणारा आवाज होता तो. जगन खांबापासून सरळ झाला. वॉचमनचा झाडू थांबला. बी विंगची दोन पोरं सायकलवरून उतरून ताठ उभी राहिली. नीलेश दाराशीच होता, त्याने वाकून किल्ली फिरवली.

"किरकिर आहे," काकू म्हणाल्या. "खोल आत. मागच्या बाकावर कोणीतरी किरकिरतंय."

"काकू, मला तर काहीच..." नीलेश म्हणाला.

"तुम्हाला नाही येणार." काकूंनी ट्रे माझ्या हातात दिला, काकांच्या हातातून स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि मूठ कानाला लावली. जणू रोजचंच होतं. "आता चालू करा. मी हात वर केला की बंद."

दोन सेकंदांत त्यांचा हात वर गेला. "मूल तापायच्या आधी असंच किरकिरतं," त्या म्हणाल्या. "ही आजारी आहे. मी ही अशी नाही देणार तुम्हाला."

मी ट्रे धरून उभी होते आणि मला सगळं दिसत होतं. काकांना ऐकू येत नव्हतं. नीलेशला माहीत नव्हतं. काकू ओरडल्या त्या क्षणापर्यंत पार्किंगमध्ये ती किरकिर फक्त एका माणसाला ठाऊक होती, आणि त्या माणसाला सात वर्षं ती वस्तू घरातून जायला हवी होती. काकूंनी फक्त पोहे वाढायचे होते. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की बशीतले थोडे पोहे माझ्या हातून सांडले.

नीलेश पोहे खाऊन, परत पाया पडून गेला. काका गाडीच्या दारात बसले होते.

"नलू, गप्प बसली असतीस तर आज गेली असती. ओटा झाला असता."

"आणि परक्याच्या गळ्यात आजारी पोर बांधून मी त्या ओट्यावर पोळ्या लाटल्या असत्या?" काकू म्हणाल्या. मग काकांना नीट दिसेल असं तोंड समोर आणून, हळू म्हणाल्या, "आणि तुम्ही रविवारी कुठे गेला असता?"

जगनने इंजिन उतरवलं. बेरिंग हातावर घेऊन तो वर काकूंच्या दारात दाखवायला गेला. त्यावर नखाने ओढल्यासारख्या रेघा होत्या. "अजून आठ दिवस चालली असती ना, मंग गारी नय, भंगार," तो म्हणाला. "बाई, तुमी ऐकली कशी?" काकू म्हणाल्या, "तू तिसऱ्या बाकावर शेंगदाणे खायचास ते कसं ऐकायचे?" त्या वर्षीचा सगळा मोसम त्या बेरिंगमध्ये गेला. फरशीचे तीन नमुने काकूंनी कुंड्यांखाली ठेवले.

त्यानंतर रविवारी खाली दोघं उतरू लागले. काकू स्क्रू ड्रायव्हर लावून ऐकायच्या आणि काकांच्या मनगटावर बोटांनी सांगायच्या. टकटकीला दोन टिचक्या, खुळखुळीला बोट फिरवायचं, कुरकुरीला चिमटा. काका वहीत लिहायचे, "ऐकली: नलिनी." पुढे पुढे त्यांनी नावही लिहायचं सोडलं. काकू तिला अजून "ती वस्तू"च म्हणायच्या, पण एकदा मी त्यांना गाडीवर बसलेल्या कावळ्याला रागावताना पाहिलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते खडवलीच्या वाटेवर. माझी मावसबहीण तिथे राहते, तिच्याकडून मी रिक्षाने पडघ्याकडे निघाले होते. रस्त्याच्या कडेला, आंब्याच्या झाडाच्या सावलीत लाल गाडी उभी होती. पुढे एक स्पीडब्रेकर आणि त्यावर मांडलेले दोन पाट. मला वाटलं, बिघडली. मी रिक्षा थांबवून उतरले.

इंजिन चालू होतं, मागचं झाकण वर होतं. काकू वाकून, स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून, डोळे मिटून उभ्या होत्या. दुसऱ्या हाताचं बोट त्यांनी ओठांवर ठेवलं होतं, वर्गात ठेवायच्या तसं. काका इंजिनाकडे बघतच नव्हते, ते काकूंच्या चेहऱ्याकडे बघत होते. मला पाहून त्यांनी हात केला आणि थांब अशी खूण केली. पुढच्या महिन्यात ती दोघं कायमची वेंगुर्ल्याला जाणार होती, गाडीतूनच, आणि त्याआधी एकदा लांब फिरवून तिला तपासणं चाललं होतं.

काकूंनी डोळे उघडले. काकांच्या मनगटाकडे हात नेला, आणि थांबल्या. त्यांना खूण सापडेना. ठरलेल्या खुणांतली कुठलीच लागू नव्हती. मग त्या तोंड समोर आणून मोठ्याने म्हणाल्या, "काही झालेलं नाही. मुलं गणितं सोडवत असली की वर्ग वाजतो ना, तशी वाजतेय. गुणगुणतेय."

"काय?"

"गुणगुण!"

काकांनी ते ओठांवरून वाचलं. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून वही काढली, गाडीच्या टपावर ठेवली आणि पहिलं पान उघडलं. पेनाचं टोपण काढलं, आणि लिहायच्या आधी, सवयीने, मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"शुभदा! उकार पहिला की दुसरा?"

मी ओरडून सांगितलं असतं तरी त्यांना ऐकू आलं नसतं. मी रस्त्याच्या या बाजूने हात उंच केला आणि एक बोट दाखवलं.